झेआच्या उपसागरातील शर्यत

पोहणे ही विद्या आमच्याकडे फार जुनी आहे. परंतु पोहण्याची शर्यत ही कल्पना तितकी जुनी नाही. कोकणातील खाडीकाठचे पोर चालावयास शिकते त्याच सुमारास पाण्यातही उतरते, आणि देशावरील मुलास कमरेला भोपळ्याची सांगड बांधून एखादा वडीलधारा मनुष्य विहिरीत ढकलून देतो. दोघांच्याही बाबतीत हेतू एकच असतो, आणि तो म्हणजे पुढेमागे प्रसंग आला तर बुडू नये. अमुक अंतर अमुक वेळात कापले, त्याची घड्याळावर नोंद ठेवली आणि दुसऱ्याने ती नोंद मोडावी म्हणून पुन्हा पाण्यात उडी घेतली, हा सारा व्यवहार एकोणिसाव्या शतकातील युरोपाने रूढ केला. त्या व्यवहाराबरोबर एक शब्दही आला. तो शब्द म्हणजे ‘अमॅच्युअर’. आपण त्यास ‘हौशी’ म्हणतो. या शब्दाच्या पोटी किती गुंतागुंतीचा इतिहास दडलेला आहे, हे एका अठरा वर्षांच्या मुलाच्या उदाहरणावरून वाचकांपुढे मांडावे, असा आमचा विचार आहे.

शब्दाची व्युत्पत्ती मोठी गोड आहे. लॅटिन भाषेत प्रेम करणारा तो ‘अमातोर’. त्यावरून फ्रेंचांनी आणि फ्रेंचांकडून इंग्रजांनी हा शब्द घेतला. या मूळ अर्थाने पाहिले तर उघड्या पाण्यात पोहणाऱ्या हौशी लोकांत कविवर्य बायरन यास पहिले मानाचे पान द्यावे लागेल. ३ मे १८१० रोजी त्याने लेफ्टनंट एकेनहेड या आरमारी अधिकाऱ्यासह हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून पार केली. त्यास एक तास दहा मिनिटे लागली. प्राचीन ग्रीक कथेतील लिअँडर आपल्या प्रेयसीच्या भेटीस रोज रात्री ज्या पाण्यातून जात असे तेच हे पाणी. बायरन एका पायाने अधू होता. जमिनीवर जे वैगुण्य त्यास जन्मभर सलत राहिले ते पाण्यात कोणाच्या दृष्टीस पडत नसे. त्यास बक्षीस मिळावयाचे नव्हते व पैसाही मिळावयाचा नव्हता. तरीही आपल्या काव्यापेक्षा या पराक्रमाचाच त्यास अधिक अभिमान वाटे, असे त्याच्या पत्रांवरून वाटते.

पासष्ट वर्षांनी, २४ ऑगस्ट १८७५ रोजी, कॅप्टन मॅथ्यू वेब या दर्यावर्दी इंग्रजाने डोव्हर येथे पाण्यात उडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी, एकवीस तास पंचेचाळीस मिनिटांनंतर, तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅले येथे चालत बाहेर आला. इंग्लिश खाडी कोणत्याही साधनावाचून पोहून जाणारा हा पहिला मनुष्य. पण त्याचे पुढील आयुष्य पाहा. वेबने पोहणे हाच पोटाचा धंदा केला. तो हौदात तासन् तास तरंगून दाखवी आणि लोक पैसे देऊन ते पाहात. कुतूहल ओसरले तसे उत्पन्नही ओसरले. अखेर २४ जुलै १८८३ रोजी नायगाराच्या धबधब्याखालील भोवऱ्यातून पोहून जाण्याचे धाडस त्याने पत्करले, आणि त्या भोवऱ्याने त्यास परत दिले ते त्याचे प्रेतच. त्या वेळी त्याचे वय अवघे पस्तीस होते.

वेबच्या करुण अंतावरून हौशीपणाचे माहात्म्य गाणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. खेळात पैसा शिरला की खेळ नासतो, हे त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे नाही. पण याच लोकांनी केलेले नियम पाहिले म्हणजे त्यांच्या मनातील दुसरी गोष्ट बाहेर येते. टेम्स नदीवरील हेन्ली येथे वल्ह्यांच्या नौकांच्या प्रसिद्ध शर्यती होतात. तेथील १८७९ सालच्या नियमाप्रमाणे, शर्यतीसाठी पैसे घेणारा मनुष्य तर हौशी नव्हेच. पण जो मजुरीवर कारागीर, यांत्रिक वा कामकरी म्हणून पोट भरतो, तोही हौशी नव्हे. त्याने नौका वल्हवून एक पैही मिळविलेली नसली तरी तो बाद. म्हणजे प्रश्न प्रेमाचा राहिला नाही, जन्माचा व दर्जाचा झाला. ‘तू का वल्हवतोस?’ याऐवजी ‘तू कोणाचा कोण?’ असे विचारले जाऊ लागले.

बॅरन पियेर द कुबेर्तँ याने १८९४ च्या जून महिन्यात पॅरिस येथे जी परिषद बोलाविली, तिच्या विषयपत्रिकेवर हौशी खेळाडूंचा प्रश्न ठळकपणे होता. ऑलिंपिक सामन्यांचे पुनरुज्जीवन हा त्याच परिषदेचा निर्णय. पहिला मान अथेन्सकडे गेला. पण ग्रीसचे राज्य १८९३ च्या डिसेंबरातच दिवाळखोर झाले होते. अलेक्झांड्रिया येथे व्यापार करून धनाढ्य झालेल्या येओर्गियोस अव्हेरॉफ याच्या औदार्याने प्राचीन क्रीडांगण संगमरवराने पुन्हा सजले. तथापि पोहणाऱ्यांसाठी स्वतंत्र हौद बांधण्याचा खर्च कोणी उचलला नाही. पिरेयस बंदराशेजारचा झेआचा उपसागर हाच त्यांचा हौद ठरला.

या उपसागरात उतरण्यासाठी बुडापेस्टहून जो मुलगा आला, त्याचे नाव आल्फ्रेड हायोश. मग्यार भाषेत ‘ज’ च्या जागी लिहिलेल्या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो. म्हणून इंग्रजी पुस्तकांवरून त्यास ‘हाजोस’ म्हणण्याची चूक वाचकांनी करू नये. त्याचे जन्मनाव आर्नोल्ड गुटमान. १ फेब्रुवारी १८७८ रोजी बुडापेस्ट येथील एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. तो तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून मरण पावले. ज्या नदीने बाप नेला तिच्याकडे पाठ फिरविणे हे कोणत्याही मुलास साहजिक होते. या मुलाने उलट निश्चय केला की आपण उत्तम पोहावयास शिकावयाचे. पुढे त्याने आपले नावही पालटले. हंगेरीतील अनेक ज्यू कुटुंबे त्या काळी जर्मन वळणाची नावे टाकून मग्यार नावे घेत असत, तेव्हा पालटणे नवलाचे नव्हते. त्याने निवडलेले नाव मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. ‘हायो’ म्हणजे जहाज आणि ‘हायोश’ म्हणजे दर्यावर्दी. आमच्या किनाऱ्यावरचा ‘नाखवा’ किंवा ‘तांडेल’ हे आडनाव जसे पिढीजात धंद्यावरून मिळते, तसे हे मिळाले नव्हते. बापाच्या मृत्यूनंतर या मुलाने ते स्वतः होऊन धारण केले होते.

अथेन्सला निघाला तेव्हा तो बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठात स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी होता. रजा मिळविण्यासाठी त्यास गुरुजनांच्या विनवण्या कराव्या लागल्या. हे वर्ष हंगेरीच्या राष्ट्रीय जीवनातही विशेष होते. मग्यार लोक डॅन्यूबच्या खोऱ्यात येऊन वसले त्यास सहस्र वर्षे झाली म्हणून सर्व देश उत्सव करीत होता. ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या छत्राखाली असूनही हंगेरीने अथेन्सला आपले खेळाडू निराळे पाठविले. ज्या राष्ट्रास स्वतःचे सिंहासन नसते, त्यास अशा गोष्टींचे मोल किती वाटते, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

शर्यतींचा दिवस ११ एप्रिल १८९६. ग्रीसमध्ये जुने ज्युलियन पंचांग चालू असल्याने तेथील लोकांच्या लेखी ती ३० मार्चच होती. आदल्या दिवशी मारूसी गावच्या स्पिरिडॉन लुईस याने मॅरेथॉनची दौड जिंकून सारे अथेन्स वेडे केले होते. या लुईसचा धंदा पाणक्याचा, हे येथे ध्यानात ठेवावे. हेन्लीच्या नियमाने त्यास हौशी म्हणून कोणी उभेही केले नसते. दुसऱ्या दिवशी झेआच्या काठी हजारो लोकांची गर्दी लोटली. हवा वाईट होती. पाण्याचे उष्णतामान सुमारे तेरा अंश सेंटिग्रेड होते. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी पौष महिन्यात नाशिकला पहाटे गोदावरीचे स्नान केले असेल, त्यांनी त्याहूनही थंड अशा पाण्यात वीस मिनिटे पोहण्याची कल्पना करून पाहावी. शर्यतीचा मार्ग दाखविण्यासाठी पाण्यावर पोकळ भोपळे तरंगत ठेवले होते. आमच्याकडे नवशिक्यास तारणारा भोपळा तेथे पटाईत पोहणाऱ्यांचा वाटाड्या झाला होता.

शंभर मीटरच्या शर्यतीत पोहणाऱ्यांस नावेतून आत नेले आणि किनाऱ्याकडे तोंड करून सोडले. हायोश एक मिनिट २२.२ सेकंदांत पहिला आला. त्याच्या पाठोपाठ, एका सेकंदाचेही अंतर न राखता, व्हिएन्नाचा ऑटो हर्शमान पोहोचला. हे नाव वाचकांनी विसरू नये. त्याच्याकडे आपणांस पुन्हा वळावयाचे आहे. त्यानंतर केवळ ग्रीक आरमारातील खलाशांसाठी तेवढ्याच अंतराची शर्यत झाली. ती योआनिस मालोकिनिस याने दोन मिनिटे २०.४ सेकंदांत जिंकली. खऱ्या खलाशापेक्षा नावाचा खलाशी सुमारे एका मिनिटाने सरस ठरला! पाचशे मीटरच्या शर्यतीतही उतरण्याची हायोशची इच्छा होती, परंतु मध्ये उसंत नव्हती. ती शर्यत ऑस्ट्रियाच्या पाउल नॉयमान याने जिंकली.

उरली बाराशे मीटरची शर्यत. पहिल्या शर्यतीत थंडीने अंग बधिर झाल्याचा अनुभव घेतल्यामुळे हायोशने या वेळी सर्वांगास चरबीचा अर्ध्या इंचाचा थर दिला. तीन लहान नावांनी स्पर्धकांस बंदराच्या तोंडाबाहेर, भर समुद्रात नेऊन सोडले. लाटा बारा फूट उंच उसळत होत्या असे वर्णन आढळते. पाण्यातून मान वर काढून पाहणाऱ्यास लाट नेहमीच उंच दिसते, हे लक्षात घेऊन त्यातील काही फूट वजा केले तरी पुष्कळ उरतात. नावा मागे वळल्या आणि अफाट पाण्यात ही मुले एकटी राहिली. आता पायात गोळा आला तर काय, थंडीने भोवळ आली तर काय, हे विचार मनात आले असे हायोशने पुढे स्वतः सांगितले आहे. त्या क्षणापासून जिंकण्याची इच्छा मागे पडली आणि जगण्याची इच्छाच त्यास पुढे रेटीत राहिली, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

या कबुलीजबाबाचे आम्हांस फार मोल वाटते. विजयी वीर बहुधा आपल्या विजयाची कारणे धैर्यात, देशप्रेमात किंवा परमेश्वरी कृपेत शोधतात. हा मुलगा सरळ सांगतो की मी भ्यालो होतो, आणि बुडू नये म्हणून पोहत होतो. ज्याचा बाप पाच वर्षांपूर्वी डॅन्यूबने गिळला त्यास या भीतीचा चेहरा ओळखीचा होता. आमच्या विहिरीतील पोरास जो हेतू पोहावयास शिकवितो, तोच या जगप्रसिद्ध शर्यतीच्या तळाशी होता. त्या भीतीला पाठीशी घेऊन हायोशने बाराशे मीटर अठरा मिनिटे २२.२ सेकंदांत कापले. दुसरा आलेला ग्रीक योआनिस आंद्रेऊ त्याच्या मागे अडीच मिनिटांहून अधिक राहिला. पहिल्या येणाऱ्यास त्या सामन्यांत सुवर्णपदक नव्हते. रुपेरी पदक आणि ऑलिव्हची फांदी हेच बक्षीस. राजघराण्याच्या मेजवानीत युवराजाने त्यास विचारले, इतके उत्तम पोहणे आपण कोठे शिकलात? ‘पाण्यात,’ असे त्याने उत्तर दिले. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, ही आमची म्हण त्याच्या कानी गेली असण्याचा संभव नाही. पण जगातील सर्व पोहणाऱ्यांचे शहाणपण एकच दिसते.

तो मायदेशी परतला तेव्हा विद्यापीठाच्या अधिष्ठात्याने त्याचे अभिनंदन केले नाही. तुमच्या पदकांशी मला कर्तव्य नाही, पुढील परीक्षेत तुम्ही काय उत्तरे देता तेवढे मला ऐकावयाचे आहे, अशा अर्थाचे त्याचे उद्गार होते. आम्ही स्वतः अध्यापक असल्याने या अधिष्ठात्याची बाजू आम्हांस थोडीबहुत समजते. तथापि खेळ व अभ्यास ही जणू दोन सवती आहेत, एकीस जवळ केले की दुसरी रुसणारच, हा समज मात्र हायोशच्या पुढील चरित्राने पार खोटा पाडला. तो परीक्षा उतरला आणि नामांकित स्थापत्यविशारद झाला. पोहणे मागे पडल्यावर तो फुटबॉलकडे वळला. १९०२ साली हंगेरीचा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध झाला, त्या हंगेरियन संघात तो होता. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कलांच्याही स्पर्धा होत्या. तेथे देझ्यो लाउबेर याच्यासह केलेल्या क्रीडांगणाच्या आराखड्याबद्दल त्यास रौप्यपदक मिळाले. पहिले पारितोषिक त्या वर्षी त्या विषयात कोणासच दिले गेले नाही.

पण त्याचे खरे स्मारक डॅन्यूबच्या मध्यावर आहे. बुडापेस्टमधील मार्गारेट बेटावरचा राष्ट्रीय पोहण्याचा तलाव त्याच्या आराखड्यावरून १९३० साली उभा राहिला. त्याच्या छपराखालील पाणी लाटांवाचून शांत असते. ज्या नदीत बाप बुडाला त्याच नदीच्या बेटावर मुलाने हजारो मुलांस निर्भयपणे पोहता येईल अशी जागा बांधली. १९७५ साली त्या तलावास त्याचेच नाव देण्यात आले. चरित्रकारांनी याहून अधिक अर्थपूर्ण घटना कल्पनेने रचावी म्हटले तरी ती साधणार नाही.

आता हर्शमानकडे वळू. हाही ज्यू. व्हिएन्नात तो वकिली करी. पुढे त्याने तलवारीच्या खेळातही नैपुण्य मिळविले आणि १९१२ साली स्टॉकहोम येथे ऑस्ट्रियाच्या संघातून रौप्यपदक मिळविले. ऑस्ट्रियाच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळली. १९४२ साली हर्शमानला व्हिएन्नातून पोलंडमधील इझ्बित्सा येथे पाठविण्यात आले. तेथून तो जिवंत परतला नाही. १९४४ साली जर्मन फौजा बुडापेस्टमध्ये शिरल्या आणि हंगेरीतील लक्षावधी ज्यूंचा संहार झाला. हायोश त्यातून वाचला व १२ नोव्हेंबर १९५५ रोजी बुडापेस्ट येथे निधन पावला. झेआच्या उपसागरात या दोघांत एका सेकंदाचेही अंतर नव्हते.

हेन्लीचा नियम आणि इझ्बित्साची आगगाडी यांची तुलना करणे हा इतिहासाचा विपर्यास होईल, हे आम्ही जाणतो. एकाने माणसास नौकेबाहेर ठेवले, दुसरीने जगाबाहेर. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकाच जातीचा आहे. मनुष्य काय करतो हे न पाहता तो कोणाच्या पोटी आला हे पाहावयाचे, ही सवय एकदा जडली की ती कोठवर जाईल याचा नेम नसतो. पाणी जन्म विचारीत नाही, असे म्हणून मोकळे होणेही आम्हां महाराष्ट्रीयांस शोभणार नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा पाण्याकाठी जन्म विचारणारी माणसे आमच्याच घरांतून निघाली होती.

हौशी शब्दाची पुढील कथा थोडक्यात सांगता येईल. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याचे सामने पाहताना दोराबजी टाटा यांस अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांची दौड पाहून नवल वाटले, आणि त्यातूनच १९२० साली अँटवर्पला हिंदी खेळाडू गेले. त्यांतील फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. दौडीवर त्यांचे निर्भेळ प्रेम होते. पण हेन्लीच्या काटेकोर मोजमापाने यांतील किती हौशी ठरले असते, कोण जाणे. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ साली दोन सुवर्णपदके मिळविली. पूर्वी थोड्याशा पैशासाठी तो बेसबॉल खेळला होता, एवढ्यावरून १९१३ साली ती काढून घेतली गेली. ती त्याच्या वारसांस परत मिळण्यास जवळजवळ सत्तर वर्षे लागली. एकोणीसशे सत्तरच्या दशकात ऑलिंपिकच्या पात्रतेच्या नियमातून ‘हौशी’ हा शब्दच गेला. आज उत्तम पोहणारे शिष्यवृत्ती व मानधन उघडपणे घेतात, आणि त्यामुळे गरिबाच्या मुलासही पाण्यात राहणे परवडते. हा लाभ लहान नव्हे.

उघड्या पाण्याची शर्यतही मध्यंतरी विस्मृतीत गेली होती. १९०० साली ती सीन नदीत झाली, १९१२ साली स्टॉकहोमच्या बंदरात. पुढे हौदांचे युग आले. आखीव मार्ग आणि स्थिर पाणी यांच्या साहाय्याने १९२४ साली वाइसम्युलरने शंभर मीटर ५९ सेकंदांत कापले, आणि २०२४ साली चीनच्या पान झानलेने तेच अंतर ४६.४० सेकंदांत. हायोशच्या ८२ सेकंदांशी या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ होय. कारण त्याच्यापुढे हौदाची भिंत नव्हती, समुद्र होता. २००८ साली दहा किलोमीटरची उघड्या पाण्यातील शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्याने सुरू झाली, आणि २०२४ साली ती पुन्हा सीनच्या प्रवाहात पोहली गेली. पुरुषांत पहिला आला तो क्रिश्टोफ राशोव्स्की, हंगेरीचाच. आमच्याकडे धरमतरपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटर पोहून जाणारी मुले-मुली आहेत. त्यांच्या पदरी बहुधा एखादे प्रशस्तिपत्र आणि घरच्यांचा आनंद यांपलीकडे फारसे काही पडत नाही.

नियमांच्या पुस्तकातून शब्द गेला म्हणून ती वृत्ती गेली असे समजण्याचे कारण नाही. पैसा घेतला अथवा न घेतला, हा प्रश्न हिशेबनिसांचा आहे. ज्या गोष्टीवर पोट अवलंबून नाही तिच्यासाठी मनुष्य किती थंडी व किती भीती सोसावयास तयार होतो, यावरून त्याच्या प्रेमाची परीक्षा होते. झेआच्या पाण्यात नावा मागे वळल्या त्या क्षणी हायोशची ती परीक्षा झाली. अधिष्ठात्यांच्या प्रश्नपत्रिकेत मात्र तिच्यासाठी गुण नव्हते.